कासवाच्या पोटाला पेन

चला, आधी उठा बघू! हा लेख बसून वाचायचा नाही. अंगण, गच्ची, शाळेचं मैदान, जिथं दहा-बारा पावलं सरळ चालता येतील अशी कुठलीही जागा शोधा. बरोबर एक मित्र किंवा मैत्रीण घ्या, आणि खिशात खडू. कंपासपेटी दप्तरातच राहू दे.

दोघांपैकी एकानं कासव व्हायचं आणि दुसऱ्यानं हुकूम सोडायचे. कासव अगदी आज्ञाधारक असतं, पण त्याला फक्त दोनच गोष्टी कळतात : किती पावलं पुढे जायचं आणि उभ्या जागी किती अंश वळायचं. ‘चौरस काढ’ म्हटलं तर ते हलणारही नाही, कारण चौरस म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. ‘पुढे पाच’ म्हटलं की पाच पावलं. ‘उजवीकडे नव्वद’ म्हटलं की गर्रकन काटकोनात उजवीकडे. कासवानं जिथून जिथून चालावं तिथं खडूची रेघ ओढत जायची.

आमचं नवनगर हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये वसलेलं. इथली पुष्कळ मुलं घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलतात. त्यामुळे इथल्या कासवाला ‘मुंदे ऐदु, बलक्के तोंबत्तु’ असा हुकूम दिला तरी चालतो. म्हणजे तेच, पुढे पाच, उजवीकडे नव्वद. कासवाची भाषा कुठलीही असो, आकडे चुकले की चित्र चुकणार.

आता अडचण अशी, की उभ्याउभ्या साठ अंश वळायचं म्हणजे नेमकं किती? त्यासाठी कासवाभोवती खडूनं घड्याळाची तबकडी काढा. कासवाचं नाक बारावर. तीनकडे वळलं की ९० अंश. एका तासाच्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत ३० अंश, आणि मिनिटांच्या दोन बारीक खुणांमध्ये ६. झालं, कोनमापक तयार, आणि तोही तुम्ही आत उभे राहू शकाल एवढा मोठा!

चौरस सगळ्यांना जमतो. पुढे पाच, उजवीकडे नव्वद, हे चार वेळा. कासव निघालं त्याच जागी परत येतं आणि त्याचं तोंडही पहिल्या दिशेला होतं. आता काढा समभुज त्रिकोण.

तुम्हाला पुस्तकातलं वाक्य आठवेल : समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. मग हुकूम सोपा. पुढे पाच, उजवीकडे साठ, तीन वेळा. चालवा कासवाला.

काय झालं? कासव घरी परतलंच नाही. ते भलतीकडेच जाऊन उभं राहिलं, आणि त्याचं तोंड सुरुवातीच्या अगदी उलट दिशेला. जमिनीवर दिसतोय एक उघडा, वाकलेला आकार. कासवाला ओरडू नका, त्यानं सांगितलं तेच केलंय. उलट त्याला तसंच पुढे जाऊ द्या. आणखी तीन वेळा पुढे पाच, उजवीकडे साठ. आणि आता बघा! कासव घरी आलं, आणि जमिनीवर सुरेख षटकोन उमटला. काढायला गेलो त्रिकोण आणि झाला षटकोन.

हे कोडं सोडवायला कासवाच्या जागी स्वतः उभं राहावं लागतं. पहिली बाजू चालून तुम्ही कोपऱ्यावर पोचलात. नाक अजून सरळ पुढे आहे, म्हणजे तुम्ही मुळीच वळला नाहीत तर त्याच रेषेत चालत राहाल. त्रिकोणाचा आतला कोन ६० अंशांचा व्हायचा असेल, तर तुम्हाला जवळजवळ मागे वळून यावं लागेल. पूर्ण मागे वळणं म्हणजे १८०. त्यातून ६० उरले पाहिजेत, म्हणून वळायचं १८० वजा ६०, म्हणजे १२०. घड्याळाच्या तबकडीवर बारावरून थेट चारवर. करून बघा, कासव तीन वळणांत बरोब्बर घरी येईल.

पुस्तकात या वळण्याला बाह्यकोन म्हणतात. आकृतीची बाजू थोडी वाढवून, तिथं छोटा कंस काढून तो दाखवलेला असतो. मला नेहमी वाटतं, कागदावर तो कोन अगदी उपरा दिसतो, कुणीतरी आकृतीबाहेर टाकून दिल्यासारखा. पण चालणाऱ्याला तोच खरा. आतला कोन चालताना लागतच नाही, पायांना फक्त वळण कळतं. त्रिकोण वरून बघणाऱ्याला ६० दिसतात आणि त्रिकोणावरून चालणाऱ्याला १२०. दोघांचंही खरं.

हा खेळ मी शोधलेला नाही बरं का. त्याला साठ वर्षं होत आली. १९६७ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात सीमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झीग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. तेव्हा संगणक खोलीभर पसरलेले असत, आणि ते मुलांच्या हातात द्यायचे ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटायची. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, १९२८ साली प्रिटोरियात जन्मलेले. मुलं विचार कसा करतात हे शोधणारे जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काम केलं होतं. लहानपणी त्यांना मोटारीच्या दातेरी चाकांचं भारी वेड. मोठेपणी गणित शिकताना समीकरणं आली की ती चाकं त्यांच्या मनात फिरायला लागत, आणि समीकरण समजायचं. मग त्यांना प्रश्न पडला, की प्रत्येक मुलाला स्वतःचं असं काहीतरी का मिळू नये, जे मनात फिरवून गणित समजेल?

त्यातून कासव आलं. पहिलं कासव पडद्यावरचं नव्हतंच! ते खरोखरचं यंत्र होतं, जमिनीवर चालणारं, पाठीवर घुमटासारखं कवच असलेलं, संगणकाला तारेनं जोडलेलं. त्याच्या पोटाखाली पेन बसवलेलं असे. मोठा कागद जमिनीवर पसरायचा, हुकूम द्यायचा आणि कासव गुरगुरत निघालं की मागे रेघ उमटायची. पेन वर उचलायचाही हुकूम होता, म्हणजे रेघ न ओढता नुसतं चालता यायचं. यंत्राला कासव म्हणायची कल्पना त्याहून जुनी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रकासवं बनवली होती. ती उजेडाच्या दिशेनं सरकत, आणि बॅटरी उतरली की आपल्या घरट्यात जाऊन ती भरून घेत.

एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. ज्या मुलांना अजून वाचता-लिहिता येत नाही त्यांनी कासवाला हुकूम कसा द्यायचा? रेडिया पर्लमन नावाची विद्यार्थिनी तेव्हा पॅपर्ट यांच्या प्रयोगशाळेत होती. तिनं १९७० च्या दशकात बटणांची एक पेटी तयार केली. एक बटण पुढे जाण्याचं, एक वळण्याचं, एक पेनाचं. साडेतीन-चार वर्षांची पोरं ती दाबून कासव चालवू लागली. याच रेडिया पर्लमन यांनी पुढे १९८५ मध्ये संगणकांच्या जाळ्यात माहिती गोल-गोल अडकून राहू नये यासाठी एक युक्ती शोधली. ती युक्ती आजही जगभरच्या जाळ्यांत वापरली जाते. आधी कासवाला वाट दाखवली, मग माहितीला!

परत मैदानात येऊ या. चौरसाला कासव ९० अंश चार वेळा वळलं. एकूण किती? ३६०. त्रिकोणाला १२० तीन वेळा, तेही ३६०. षटकोनाला ६० सहा वेळा, पुन्हा ३६०. आकार बदलला, बाजूंची संख्या बदलली, आकडा हलत नाही. कारण कासव घरी येतं तेव्हा त्याचं नाक पुन्हा पहिल्या दिशेला असतं, म्हणजे ते स्वतःभोवती नेमकी एक फेरी फिरलेलं असतं. एक फेरी म्हणजे ३६० अंश.

आकार वेडावाकडा असला तर? इंग्रजी ‘एल’च्या आकाराच्या इमारतीला प्रदक्षिणा घाला. सहा कोपरे लागतील. पाच ठिकाणी उजवीकडे वळाल आणि आतल्या खाचेत एकदा डावीकडे. डावं वळण उजव्यातून वजा करा. पाचातून एक गेला, राहिले चार. चार गुणिले ९०, ३६०!

आमच्या रस्त्यावर याहून मोठं कासव धावतं. हुबळी आणि धारवाडच्या मध्ये ‘चिगरी’ नावाच्या बस आहेत, त्यांना स्वतंत्र मार्गिका आहे, आणि त्या नवनगरला थांबतात. वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता, वाटेत कितीतरी लहानमोठी वळणं. बस हुबळीहून निघून धारवाडला जाते, तिथं उजवीकडे पूर्ण वळते, परत येते आणि हुबळीत पुन्हा उजवीकडे पूर्ण वळून पहिल्यासारखी उभी राहते. तिची एकूण वळणं किती? घाबरू नका, एकही मोजायची गरज नाही. जाताना जे वळण उजवं, तेच येताना डावं. सगळी आपापसांत कटली. उरली दोन टोकांची वळणं, १८० आणि १८०. बेरीज करा. ड्रायव्हरकाकांना बहुधा माहीतही नसेल, की ते रोज भूमितीचा एक सिद्धांत चालवत असतात.

आता ३६० हा आकडा घेऊन थोडी गंमत करू. पाच बाजूंचा आकार हवा? ३६० भागिले ५, वळण ७२. आठ बाजू, ४५. नऊ, ४०. दहा, ३६. सातचं काय? भागून बघा. ५१ आणि वर काही उरतंच. तीन ते दहापर्यंतच्या आकड्यांत हा एकटा सातच हटवादी, त्यानं ३६० ला पूर्ण भाग जात नाही.

मग कासवाला सरळ ५१ अंश वळायला सांगितलं तर? सात वेळा वळून झाले ३५७. तीन अंश कमी पडले, सप्तकोन मिटलाच नाही, टोकं जुळता जुळता राहिली. आता थांबू नका. तेच हुकूम देत राहा, पुढे पाच, उजवीकडे ५१. कासव आपल्याच जुन्या रेषा ओलांडत, थोडं थोडं सरकत, फेऱ्या मारत राहील. ते घरी कधी येईल? १२० बाजू चालून झाल्यावर! तोवर ते स्वतःभोवती १७ वेळा फिरलेलं असेल, आणि जमिनीवर १२० रेषांची नाजूक जाळीदार वर्तुळाकार नक्षी असेल. तपासायचं असेल तर ५१ गुणिले १२० करा आणि त्याला ३६० नं भागा. पायांनी हे करायला गेलात तर संध्याकाळ होईल आणि १२० वेळा अचूक ५१ अंश वळणं कुणालाच जमणार नाही. इथं संगणकाचं कासव कामाला येतं. ते दमत नाही, आणि त्याचा अर्धा अंशही चुकत नाही.

तसंच वळण १४४ ठेवून पाच बाजू चालवा. पंचकोन होत नाही, पाच टोकांची चांदणी होते! १४४ गुणिले ५ म्हणजे ७२०. म्हणजे या वेळी कासव एक नाही, दोन फेऱ्या फिरलं, म्हणून तर त्याला स्वतःचीच वाट ओलांडावी लागली. १३५ अंश आठ वेळा घेतले तर आठ टोकांची चांदणी, आणि फेऱ्या किती हे तुम्ही काढा.

वर्तुळाचं तर विचारूच नका. कासवाला वर्तुळ ठाऊक नाही, त्रिज्या ठाऊक नाही, मध्यबिंदू ठाऊक नाही. त्याला सांगा, पुढे एक, उजवीकडे एक, ३६० वेळा. खरं म्हणजे तो ३६० बाजूंचा बहुभुज आहे, पण डोळ्यांना तो गोलच दिसतो. आता या गोलाच्या आरपार सरळ चालत जा. जवळजवळ ११५ पावलं लागतात. परीघ ३६० पावलं, व्यास ११५ पावलं. भागाकार करा. ३.१३! सातवी-आठवीच्या पुस्तकातला तो पाय (π) इथं गपचूप येऊन बसलेला सापडतो, आणि त्याला बोलावलं कुणी? कुणीच नाही. मैदानावर एका अंशाची वळणं जमणार नाहीत, तर १० अंश घ्या आणि ३६ वेळा चाला.

आता तुम्हाला एका देवळात नेतो. नवनगरहून हुबळी, हुबळीहून गदग, आणि गदगच्या पुढे डंबळ नावाचं गाव. तिथं दोड्डबसप्पाचं मंदिर आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. समोर भला मोठा नंदी. देवळाच्या गाभाऱ्याची बाहेरची भिंत चौकोनी नाही, गोलही नाही. ती चांदणीसारखी आहे, आणि त्या चांदणीला २४ टोकं आहेत! ती टोकं वर शिखरापर्यंत चढत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात एक कंगोरा उजळतो, शेजारचा सावलीत जातो, पुन्हा एक उजळतो.

शिल्पकारांनी ही चांदणी कशी आखली असेल? अभ्यासक सांगतात, की अशा चांदणीच्या मुळाशी एक साधा चौरस असतो, आपल्या मध्यबिंदूभोवती फिरवलेला. चौरसाला चार टोकं. २४ टोकं हवीत तर सहा चौरस लागतील. एक चौरस ठेवा, १५ अंश फिरवा, पुन्हा ठेवा, पुन्हा १५ फिरवा, सहा चौरस होईपर्यंत. त्यांची बाहेरची कड गिरवली की चांदणी. कागदाचे सहा सारखे चौरस कापून, मध्ये टाचणी टोचून हे घरी करता येतं. देऊळ बांधणाऱ्यांना जमिनीवर खुंटी आणि दोरी पुरत असे.

पण आपण कासव आहोत. आपल्याला वरून बघता येत नाही, आपण भिंतीला धरून प्रदक्षिणा घालणार. प्रत्येक टोक म्हणजे चौरसाचा कोपरा, तिथं उजवीकडे ९०. मग दोन टोकांच्या मधली खाच, तिथं डावीकडे वळायचं. किती? इथं मघाचा ३६० मदतीला येतो. एका टोकावर आणि एका खाचेत मिळून कासव जेवढं वळेल, तसं २४ वेळा झाल्यावर एक फेरी पुरी व्हायला हवी. ३६० भागिले २४ म्हणजे १५. नव्वदमधून किती वजा केले की १५ उरतात? ७५. म्हणून हुकूम असा : पुढे पाच, उजवीकडे ९०, पुढे पाच, डावीकडे ७५, आणि हे सगळं २४ वेळा. ४८ भिंती चालून कासव जिथून निघालं तिथं येतं, आणि मागे देवळाचा नकाशा!

मी हे पहिल्यांदा पडद्यावर उमटताना पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ बघतच राहिलो. चार हुकुमांच्या ओळीत आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या कुणा स्थपतीची आखणी मावली होती. नवनगरजवळच्या उणकल गावातही चालुक्यांच्याच काळातलं चंद्रमौळेश्वराचं देऊळ आहे. ते चांदणीचं नाही, पण त्याच्या भिंतींना पुढे-मागे सरकलेले कितीतरी काटकोनी कोपरे आहेत. शाळेची सहल नेलीत तर एकानं कोपरे मोजत प्रदक्षिणा घालावी आणि दुसऱ्यानं वहीत उजवं-डावं लिहीत जावं. मग बेरीज काय येते ते सांगा.

संगणक नसलेल्या शाळेनं काय करायचं? आतापर्यंतचं जवळजवळ सगळं खडूवरच तर झालं! संगणक असेल तर मात्र कासव कुठं कुठं भेटतं तेही सांगतो. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले, देवनागरी कळफलकाचे, उन्हातही पडदा दिसेल असे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभरच्या मोहिमेतला भारतातला तो पहिला प्रयोग, आणि त्या मोहिमेच्या मुळाशी होते आपल्या पॅपर्ट यांचे विचार. त्या लॅपटॉपच्या संचात ‘टर्टल आर्ट’ होतं. हुकूम टंकायची गरज नाही, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की कासव चालतं.

पुढे २०१५ च्या सुमारास मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘क्लिक्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी शाळांत तो चालला. त्यांच्या भूमितीच्या भागात कासव होतं, आणि ‘पोलीस क्वाड’ नावाचा चौकोन ओळखण्याचा खेळही. तुम्हाला आज घरी किंवा शाळेत करायचं असेल तर ‘केटर्टल’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या ताई-दादांना विचारा, त्यांच्याकडे कासव आधीच असतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये केटर्टलचे आणि ‘जिओजेब्रा’चे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. जिओजेब्रा २००१ साली ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी बनवलं. त्यात त्रिकोणाचं टोक माऊसनं पकडून कुठंही ओढा, तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० वरून हलत नाही. कर्नाटकातल्या सरकारी हायस्कूलच्या कितीतरी गणित शिक्षकांनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय.

एक मात्र मनापासून सांगायचंय, आणि हे तुमच्या सरांनी किंवा बाईंनी वाचलं तर फार बरं. भूमितीचा खेळ म्हणून पुष्कळ वेळा पडद्यावर नुसते प्रश्न येतात. चार पर्याय, बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीला भोंगा. ती परीक्षाच आहे, फक्त रंगीत. कासवाच्या खेळात भोंगा नाही. तुम्ही १२० ऐवजी ६० सांगितलेत तर कासव ‘चूक’ म्हणत नाही, ते ६० नं कसं जग होतं ते चालून दाखवतं. तो षटकोन तुम्ही शोधलेला असतो. म्हणून वर्गात हा खेळ घ्याल तेव्हा पहिल्याच तासाला १२० हे उत्तर सांगून टाकू नका, प्लीज. मुलांना आधी भलतीकडे जाऊ द्या. आणि पडद्याआधी एकदा तरी मैदानात न्या, कारण वळण्याचा कोन पायांना आधी कळला की मग पडद्यावरच्या त्या चिमुकल्या कासवाच्या जागी आपण आहोत असं समजता येतं.

आता शेवटची सफर, आणि ही सगळ्यात लांबची. ३६० चा नियम कधीच मोडत नाही असं वाटतंय ना? मोडतो. कासवाला उत्तर ध्रुवावर ठेवा.

नकाशात ७५ अंश पूर्व रेखावृत्त शोधा. ते धारवाड शहरावरून आणि नवनगरच्या थोडं पश्चिमेकडून जातं. कासव ध्रुवावरून त्या रेषेनं दक्षिणेला निघतं. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशातलं रतलाम, महाराष्ट्र, आपलं धारवाड असं करत कासरगोडजवळ अरबी समुद्रात उतरतं आणि विषुववृत्तावर पोचतं. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जवळजवळ १०,००० किलोमीटर होतात, कारण फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मीटर ठरवताना याच अंतराचा एक कोटीवा भाग घेतला होता. तिथं कासव डावीकडे ९० अंश वळतं आणि विषुववृत्तावरून पूर्वेला आणखी १०,००० किलोमीटर जातं. पोचतं प्रशांत महासागरात. पुन्हा डावीकडे ९०, आता उत्तरेला सरळ १०,००० किलोमीटर. परत ध्रुव! तिथं डावीकडे ९० वळलं, की नाक पुन्हा धारवाडच्या दिशेला.

तीन सारख्या बाजू, सगळ्या सरळ चाललेल्या. म्हणजे त्रिकोण. पण वळणं? ९०, ९० आणि ९०. बेरीज २७०. नव्वद अंश गेले कुठं?

ते पृथ्वीच्या गोलाईत गेले. कासव सपाट जमिनीवर चालत नव्हतं, आणि त्यानं आत घेतलेला भूभाग जितका मोठा तितके जास्त अंश कमी पडतात. या त्रिकोणानं पृथ्वीचा बरोबर आठवा भाग वेढला होता. शाळेच्या मैदानावरही खरं तर काही अंश कमी पडतच असतात, पण ते इतके बारीक की कुठल्याच कोनमापकावर दिसणार नाहीत. याचा उलटा अर्थ बघा : आभाळात न जाता, जहाज न घेता, नुसतं चालून आणि वळणं मोजून कासवाला कळू शकतं की आपण एका गोळ्यावर राहतो!

जुना फुटबॉल घ्या, दोरे ताणून आणि चिकटवून हा त्रिकोण त्यावर बसवा, म्हणजे तिन्ही काटकोन दिसतील. आणि मग हे करा. कासवानं विषुववृत्तावर १०,००० ऐवजी ५,००० किलोमीटरच चालायचं ठरवलं, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटापर्यंत, आणि तिथूनच डावीकडे वळून ध्रुवावर आलं. आता नाक पुन्हा धारवाडकडे करायला त्याला किती अंश वळावं लागेल? एकूण बेरीज किती? आणि पृथ्वीचा कितवा भाग त्यानं वेढला?